हौदापासून तीनशे पावलं

भेग झाकायची होती, एवढंच.

आतल्या खोलीच्या भिंतीवर, छताजवळून निघून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेली, हातभर लांबीची भेग. गेली दोन वर्षं ती आमच्या घरात इतकी रुळली होती की तिच्याकडे कोणी पाहतही नसे. पण आमच्या मुलीला आठवा महिना लागला, जावई जहाजावर नोकरीला गेलेला, म्हणून तिनं आमच्याकडे यायचं ठरलं. त्या दिवशी बायकोनं खोलीतला पलंग हलवून पाहिला.

"अहो, पोरगी उताणी पडली की समोर हीच दिसणार," ती म्हणाली. "काहीतरी लावा तिथे. मोठंसं."

गवंडी बोलवावा हे मला सुचलं नाही असं नाही. पण गवंडी आला की आधी भेग मोठी करतो आणि मग चार दिवस फिरकत नाही. त्यापेक्षा चित्र टांगणं सोपं. मी तिथेच थांबलो असतो, एखादं फुलांचं चित्र आणलं असतं, तर आज माझे केस इतके पांढरे नसते.

मी गुरांच्या नोंदणी कचेरीत कारकून आहे. आमच्या वस्तीत माणसं साडेचारशे आणि गुरं सहा हजार, त्यामुळे कचेरी गुरांची आहे; माणसाला आपली नोंद करायची तर शहरात जावं लागतं. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला मारतात आणि त्याचा नंबर मी वहीत चढवतो. सव्वीस वर्षांत एकही नंबर चुकलेला नाही. माझ्या अब्रूविषयी पुढे जे काही कानावर येईल, त्याआधी हे एवढं नोंदवून ठेवतो.

कचेरीच्या मागे एक फरसबंदी खोली आहे. भर उन्हाळ्यातही तिथे इतकं गार असतं की आम्ही सगळे आपापले डबे तिथेच ठेवतो, आणि साहेब जेवणानंतर तासभर 'जुन्या फायली पाहायला' तिथेच जातात. त्या खोलीतल्या कपाटात मला आमच्याच वस्तीचे चार जुने नकाशे सापडले. मोजणी खात्याचे, वीस-वीस वर्षांच्या अंतरानं छापलेले. टेकडीच्या चढाच्या तपकिरी रेषा, कुरणांचा फिकट हिरवा रंग, ओढ्याची निळी रेघ. साहेबांना विचारून त्यातला सगळ्यात जुना मी घरी आणला. सगळ्यात जुना का, तर तो जास्त पिवळा पडला होता आणि पडद्याला शोभत होता. इतिहासाशी माझा संबंध तेवढाच.

चौकट मीच केली. काच बसवण्याआधी, रविवारी सकाळी, सहज म्हणून भिंग घेऊन मी नकाशात आपलं घर शोधायला बसलो. नकाशा इतका जुना की आमच्या घराचा तेव्हा पत्ता नव्हता, पण जागा तर असणारच. आमच्या वस्तीत रस्त्यांना नावं नाहीत. सगळं मोजायचं ते गुरांच्या पाण्याच्या हौदापासून. शाळा हौदापासून दीडशे पावलं उत्तरेला, दवाखाना दोनशे पावलं दक्षिणेला. आमचं घर हौदापासून तीनशे पावलं पूर्वेला. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरही असंच छापलं होतं. नकाशावर हौद होता. मी पट्टी लावली, पूर्वेला तीनशे पावलं मोजली आणि टोकाला भिंग धरलं.

तिथे एक निळं वर्तुळ होतं.

कोपऱ्यातल्या खुणांच्या यादीत पाहिलं. निळं वर्तुळ म्हणजे विहीर. शेजारी बारीक अक्षरांत खोली लिहिली होती, ती मी वाचली आणि भिंग हातातून पडलं.

आमच्या अंगणात विहीर नाही. परसात नाही. रस्त्यावर नाही. म्हणजे विहीर कुठे आहे, हे सांगायला मोजणी खात्याची गरज नव्हती. मी हळूच मान वर करून समोरच्या भेगेकडे पाहिलं. ती मला आदल्या दिवसापेक्षा रुंद वाटली.

"अगं," मी हाक मारली, "जिथे आहेस तिथेच उभी राहा."

"पोळी करपतेय," बायको म्हणाली आणि धपाधप पावलं टाकत स्वयंपाकघरात गेली. ती धपधप माझ्या पोटात ऐकू आली.

त्या दिवसापासून मी घरात भिंतीच्या कडेकडेनं चालू लागलो. मला भीती वाटत होती. लपवण्यात अर्थ नाही. चहाचा कप ठेवला तरी आधी जमिनीचा कानोसा घ्यायचो. पिठाचा डबा अर्धाच भरावा, अशी सूचना मी केली. बायको म्हणाली, "सव्वीस वर्षं याच जमिनीवर मी धुणं आपटतेय. तुमची विहीर तेव्हा झोपली होती का?" पण आठ दिवसांनी मुलगी येणार होती. या खोलीत, या पलंगावर, एकाची दोन होऊन राहणार होती. तिच्या वजनाचा विचार मनात आला की मला घाम फुटायचा, आणि बापानं लेकीच्या वजनाचा असा विचार करावा याची लाजही वाटायची.

गोष्ट मी फक्त शेजाऱ्याला सांगितली. तिथेच चुकलं. आमचा शेजारी तारेची कुंपणं घालून देतो. सगळी वस्ती त्याला कुंपणवाले म्हणते. त्याला एक गोष्ट सांगितली की ती सगळ्या कुंपणांवरून उड्या मारत जाते.

"भेग केव्हापासून आहे?" त्यानं डोळे बारीक करून विचारलं.

"दोन वर्षं."

"मग सुरुवात झालीय," तो गंभीरपणे म्हणाला. "माझ्या मेव्हण्याच्या ओळखीत एक घर असंच गेलं. सकाळी दूधवाला आला तर दारच नाही."

"आणि माणसं?"

"माणसं लग्नाला गेली होती. नशीब. पण तुमच्याकडे आत्ता कोणाचं लग्न नाही ना?"

संध्याकाळपर्यंत सल्ल्यांची रीघ लागली. कोणी म्हणालं, मीठ टाका. कोणी म्हणालं, जड सामान कोपऱ्यात सरकवा. दुसरं कोणी म्हणालं, कोपऱ्यात मुळीच नको, मधोमध ठेवा, म्हणजे दाब बसेल. मी दोन्ही केलं आणि कंबर धरली. मग गुरांचे डॉक्टर आले. वस्तीत पोकळी ओळखण्याचं यंत्र काय ते त्यांच्याच गळ्यात. त्यांनी गुडघे टेकले, नळी जमिनीला लावली आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आवाज येतोय," ते म्हणाले.

"कसला?" मी विचारलं.

"गुरगुर. गाय असती तर पोट फुगलंय म्हणून सांगितलं असतं. जमिनीचं मी छातीठोक सांगू शकत नाही."

गुरगुर माझ्याच पोटाची होती असं बायकोचं आजही मत आहे. पण त्या वेळी कुंपणवाल्यानं क्षणाचाही विलंब न लावता चार खांब आणि तारेचं वेटोळं आणलं आणि आतल्या खोलीत, पलंगाच्या चारी बाजूंनी, दुपदरी कुंपण घातलं. घरात पाहुणा आला की त्याला काय सांगायचं, हा प्रश्न मला पडला. बायकोनं त्यावर ओले टॉवेल वाळत घालून तो सोडवला.

मी सरळमार्गी माणूस. शेवटी रजा टाकून शहरात मोजणी खात्यात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा नकाशा लांब धरून पाहिला.

"हा रद्द झालाय," त्या म्हणाल्या. "नवीन नकाशात तिथे विहीर नाही."

"पण जुन्यात आहे ना! नकाशा रद्द झाला म्हणून विहीर रद्द होते का?"

"तसा अर्ज आलेला नाही."

"मग तपासणीसाठी माणूस पाठवा."

"नसलेल्या विहिरीची तपासणी कशी करणार? आधी विहीर आहे असा अर्ज करा. ती नोंदवली गेली की मग ती धोकादायक आहे असा दुसरा अर्ज."

मी अर्ज केला. माझं अक्षर सुंदर आहे. 'सदर विहीर माझ्या राहत्या घराखाली आहे' असं मी स्पष्ट लिहिलं, खाली सही केली आणि वर त्यांना धन्यवादही दिले.

उत्तर चार दिवसांत आलं, हीच पहिली अशुभ खूण. जुन्या नोंदीनुसार सदर विहीर हा गुरांचा सार्वजनिक पाणवठा असून अर्जदारानं त्यावर घर बांधल्याचं त्याच्याच कबुलीवरून दिसतं. तरी खुलासा होईपर्यंत गुरांना येण्याजाण्यास वाट मोकळी ठेवावी. म्हणजे आता घर खाली गेलं नाही तर सरकारजमा होणार होतं. मी कागद खिशात ठेवला. पण पोस्टमननं तो आधी वाचला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गुराखी फाटकाशी उभे होते.

"पाण्याचं तेवढं कसं काय?" एकानं नम्रपणे विचारलं. त्याच्यामागे चाळीस गायी होत्या.

"अजून लागलं नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्यानं आमच्या दाराची रुंदी वितीनं मोजली आणि शिंगं आडवी असतील तर अडचण होईल असं सांगितलं. त्या कळपातल्या निम्म्या गायींचे नंबर मला तोंडपाठ होते. त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

आणि त्याच दुपारी मुलगी आली. फाटकातून आत येताना ती थकून हसली, एक हात कमरेवर, आणि मला सगळं विसरायला झालं. मग ती आतल्या खोलीकडे निघाली आणि मला सगळं आठवलं.

"थांब!" मी ओरडलो.

"बाबा, हे कुंपण कशाला?"

बायकोनं तिला दोन वाक्यांत सांगितलं. पोरगी पोट धरून हसली, आणि तिच्या हसण्यानं जमीन हलतेय असं मला वाटलं. मी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. ते पाहून तिचं हसू थांबलं. "बाबा, तुम्ही खरंच घाबरलाय," ती म्हणाली. "सांगा, कुठे झोपू? तुम्ही म्हणाल तिथे."

त्या विश्वासानं मी आणखी घाबरलो. शेजारी न्यावं तर कुंपणवाल्याची बैठक, पण तिथे त्याचा वळू अंगणभर मोकाट. शेवटी मला एकच जागा सुचली. पक्की, दगडी, फरसबंदी, गार. सरकारी इमारत कधी कोसळत नाही. ती फक्त गळते. साहेबांनी परवानगी दिली, दुपारची झोप बुडणार म्हणून जरा नाराजीनंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीतल्या मागच्या खोलीत मधोमध पलंग टाकला, चादर ताणून अंथरली आणि मुलीला तिथे नेऊन बसवलं. कित्येक दिवसांनी मी पूर्ण श्वास घेतला. पुढच्या खोलीत बसून अकरा वासरांचे नंबर चढवले, आणि मधूनमधून मागे वळून तिच्याकडे पाहून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे तिला भेटायला आत जमले. साहेब, डॉक्टर, कुंपणवाले, डबा घेऊन आलेली बायको. आणि काठी टेकत वळूआजोबा आले. आजोबांनी साठ वर्षं वस्तीचे वळू सांभाळले. आता नव्वदीत आहेत आणि त्यांचा शब्द वळूसुद्धा मोडत नाही. दारातच थांबून त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"पोरीला इथे का आणलंस रे?" त्यांनी विचारलं.

"घराखाली विहीर आहे ना, आजोबा. हौदापासून तीनशे पावलं. नकाशात आहे."

"कुठल्या हौदापासून?"

"हौदापासून! आपल्या हौदापासून!"

"अरे, हौद काय एका जागी राहतो?" आजोबा म्हणाले. "हजारो खुरं रोज तुडवतात. सात-आठ वर्षांत चिखलात गाय पोटापर्यंत रुतते. मग हौद उचलायचा आणि कोरड्या बाजूला, चढाकडे, चाळीस पावलं सरकवायचा. लाकडाचा होता तेव्हा. मी स्वतः सहा वेळा सरकवलाय. सिमेंटचा झाला तेव्हा कुठे एका जागी बसला."

चढाकडे म्हणजे पूर्वेला. मी कपाटाकडे गेलो, उरलेले तीन नकाशे काढले, माझ्या पिशवीतला जुना त्यांत मिळवला आणि मुलीच्या पलंगावर एकाखाली एक मांडले. तपकिरी रेषा चारी नकाशांत जिथल्या तिथे होत्या. टेकडी तिथेच, ओढा तिथेच. तेवढा हौद प्रत्येक नकाशात थोडा पुढे सरकलेला. वस्तीत त्याच्याएवढा फिरलेला कोणी नसेल. जुन्या हौदापासून तीनशे, त्यातून हौद सरकला ती दोनशे चाळीस वजा, म्हणजे आताच्या हौदापासून साठ पावलं. दुसऱ्या नकाशात त्या जागी निळं वर्तुळ नव्हतं. काळा चौकोन होता. काळा चौकोन म्हणजे इमारत.

आमची कचेरी हौदापासून साठ पावलांवर आहे.

"तेच म्हणतोय मी," आजोबा म्हणाले. "ही विहिरीवरची खोली. पाणी आटलं तेव्हा वर आडव्या फरशा टाकल्या आणि पुढे कचेरी जोडली. म्हणून तर इथे गार वाटतं."

आम्ही सगळे खाली पाहू लागलो. नंबरांशेजारी मी जन्मभर गुरांची वजनंही लिहीत आलोय. डोळे आपोआप हिशेब करू लागले. साहेब म्हणजे एक कालवड. डॉक्टर आणि कुंपणवाले मिळून एक दुभती गाय. लोखंडी कपाट, पलंग, आणि या सगळ्याच्या मधोमध माझी पोरगी, अवघडलेली, तोंडात घास. फरशीच्या सांध्यातून गार हवा माझ्या घोट्याला लागली. इतके दिवस मी जी भीती घरभर वाहत होतो, ती आता खरी झाली, आणि तिला इथे आणणारा मीच होतो.

"कोणी पळायचं नाही," मी म्हणालो. माझा आवाज कापला नाही, याचं मला नंतर नवल वाटलं. "साहेब, आधी तुम्ही. भिंतीकडेनं. हळू. आता डॉक्टर."

पहिल्यांदाच साहेबांनी माझं ऐकलं. कुंपणवाले पाठोपाठ निघाले, तोंडातून एक सल्ला नाही. मग मी बायकोकडे पाहिलं. ती हलेना. "तू जा," मी म्हणालो, "तू उभी राहिलीस तर वजन वाढतं." असं वाक्य एरवी बोललो असतो तर संसार मोडला असता. ती गेली.

आता मुलगी पलंगावर आणि मी कपाटाशी. तिला एकटीला उठता येत नव्हतं. मी पुढे गेलो तर तिच्या फरशीवर माझं वजन पडणार, नाही गेलो तर ती उठणार कशी? मी गेलो. पाच पावलं होती. प्रत्येक पाऊल मला आठवतं. तिला हात दिला, ती उठली, आणि आम्ही दोघं भिंतीपर्यंत आणि भिंतीकडेनं दारापर्यंत आलो.

"बाबा, तुमचा हात किती गार पडलाय," ती म्हणाली.

बाहेर उन्हात आलो. मी तिथेच गुरांच्या वाटेवर, शेणात, बसलो आणि सर्वांसमोर ढसाढसा रडलो. कोणी हसलं नाही. साहेबांनी आपला रुमाल दिला. ते स्वतः त्या खोलीत वीस वर्षं दुपारी झोपले होते.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी कडेची एक फरशी उचलायला लावली आणि आत खडा टाकला. मी मोजत होतो. तीन म्हणेपर्यंत आवाज आला नाही. मोजणी खात्याला कचेरीतर्फे रीतसर कळवलं. तिथून उत्तर आलं, की नवीन नकाशात तिथे विहीर नाही, आणि ती एका गृहस्थाच्या घराखाली असल्याची नोंद आधीच झालेली आहे. ते गृहस्थ अजून खुलासे लिहीत आहेत. मागच्या खोलीला कुलूप आहे, डबे उन्हाळ्यात नासतात, आणि कोणाची तक्रार नाही.

मुलगी घरी परतली. तिसऱ्या दुपारी, मी रजेवर घरी असताना, तिनं पलंगावरून हाक मारली. "बाबा, भिंत हलतेय." मी चौकट ओलांडेपर्यंत चार वेळा मेलो. ती खिडकीतून बाहेर बोट दाखवत होती. बाहेर कुंपणवाल्याचा वळू आमच्या घराच्या कोपऱ्यावर मान घासत होता. डोळे मिटून, अगदी समाधानानं. रोज दुपारी, मी कचेरीत असताना, गेली दोन वर्षं. सगळ्या वस्तीला कुंपणं घालणाऱ्यानं स्वतःच्या परसाला तेवढं घातलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आतल्या खोलीतलं कुंपण काढून त्याच्याच परसात लावलं, आणि भेग होती तेवढ्यावर थांबली.

दीड महिन्यानं नात झाली. दोघी सुखरूप आहेत. हे लिहिताना अजूनही माझा हात थांबतो.

नकाशा मी शेवटी टांगला. पण चौकट जड, खिळा एक, आणि खाली पाळणा. दोन दिवस मी पाळण्याशेजारी वर बघत बसलो आणि तिसऱ्या दिवशी तो उतरवला. खरं तर तो सरकारी माल, कपाटात परत जायला हवा. पण कपाट विहिरीवर आहे आणि तिथे आणखी वजन टाकायची माझी हिंमत होत नाही. म्हणून तो पलंगाखाली आहे.

भेग आता उघडीच असते. त्यावर पडदा तरी ओढावा म्हणून मी परवा उठलो, तर दोघी मायलेकी एकदम माझ्यावर ओरडल्या. नात पाळण्यात उताणी पडून तासन्‌तास त्या भेगेकडेच बघत असते, आणि तिला तिथे काय दिसतं कोण जाणे, पण बघता बघता मध्येच खुदकन हसते.